राउटरचं निळं भोक रिकामं पडलंय, ते लॅनसाठी वापरता येतं का?

जुईचा_वेल

मंडळी, घरात विचारायला कोणी नाही म्हणून धागा काढतेय.

आमचं घर जुनं, दोन मजली, जाड भिंतींचं. खाली हॉलमध्ये फायबरचा डबा आहे, वायफाय त्यातच. वरच्या खोलीत मी नववी-दहावीच्या शिकवण्या घेते आणि तिथे खालचं वायफाय जेमतेम एक कांडी दाखवतं. म्हणून जिन्याच्या कडेने कॅट सिक्स केबल वर नेली आणि वर शाओमीचा मी राउटर ४ए, गिगाबिटवाला, बसवला. भाचा सुट्टीला आला होता तेव्हा त्याने त्यात ओपनडब्ल्यूआरटी (कंपनीच्या सॉफ्टवेअरऐवजी चालणारं मोफत सॉफ्टवेअर) टाकून दिलं. आता तो परदेशात. फोनवर सांगतो सगळं, पण तो जागा असतो तेव्हा मी झोपलेली असते.

आधी खालून आलेली केबल निळ्या भोकात (वॅन, बाहेरून इंटरनेट येण्याचं) होती. नेट चालायचं, पण वरच्या कॉम्प्युटरला खालचा प्रिंटर सापडायचा नाही. पेपर काढायचा वर आणि छापायला पेनड्राइव्ह घेऊन खाली. मग कुठेतरी वाचलं की केबल निळ्यातून काढून लॅनमध्ये (घरातल्या वस्तूंच्या भोकात) लावा, वरच्या राउटरचं डीएचसीपी (वस्तूंना पत्ते वाटणं) बंद करा आणि त्याला खालच्या डब्याच्या घरातला एक पत्ता द्या. खालचा डबा १९२.१६८.१.१ आहे, वरच्याला १९२.१६८.१.२ दिला. प्रिंटर लगेच सापडला.

आता मुद्दा. या राउटरला मागे तीनच भोकं: एक निळं आणि दोन लॅनची. एका लॅनमध्ये खालून आलेली केबल, दुसऱ्यात कॉम्प्युटर. टीव्हीला वायर द्यायची आहे (मुलांना प्रयोगांचे व्हिडिओ दाखवते, मध्येच गोल फिरत बसतो), पण जागा नाही. निळं भोक मात्र मोकळं. टीव्ही त्यात लावून पाहिला. टीव्ही म्हणतो केबल जोडलेली आहे, पण पत्ता मिळत नाही.

हे निळं भोक बाकीच्यांसारखं करता येतं का?

फुकटचा_सल्ला

ताई, पाच पोर्टचा गिगाबिट स्विच (भोकं वाढवणारा डबा) हजार-बाराशेला मिळतो. लावा आणि विसरून जा. सेटिंगमध्ये हात घालायची गरज नाही. वॅन पोर्ट वॅनसाठीच असतो.

जुईचा_वेल

स्विच सुचवला होता एकाने, पण त्याला आणखी एक अडॅप्टर आला. वर एकच पॉवर स्ट्रिप आहे आणि ती भरलीय. शिवाय लाइट गेले की राउटर एका छोट्या यूपीएसवर चालतो, त्याला आउटपुट एकच. स्विच बंद पडला तर टीव्हीचं ठीक, पण कॉम्प्युटर त्यावर असला तर तोही गेला.

कर्जत_स्लो

कंपनीच्या मूळ फर्मवेअरमध्ये (राउटरच्या आतल्या सॉफ्टवेअरमध्ये) हे काम फार सोपं असतं. टीपी-लिंकच्या बऱ्याच राउटरांत 'ऑपरेशन मोड' असतो, त्यात 'ॲक्सेस पॉइंट' निवडला की वॅन पोर्ट आपोआप लॅनच्या पंक्तीत बसतो. आसुसमध्येही तसंच. डीडी-डब्ल्यूआरटीत (ओपनडब्ल्यूआरटीसारखंच दुसरं फर्मवेअर) तर चक्क एक चौकोन आहे, वॅन बंद केलं की 'असाइन वॅन पोर्ट टू स्विच' वर टिक करायची. फ्रेशटोमॅटो या तिसऱ्यातही असाच पर्याय आहे. ओपनडब्ल्यूआरटीत असं एका बटणात होत नाही, पण होतं. तारकाम येतीलच, ते सांगतील.

तारकाम

आलो. :)

ताई, होतं. दहा मिनिटांचं काम आहे.

आधी टीव्हीला पत्ता का मिळाला नाही ते. निळ्या पोर्टवर ओपनडब्ल्यूआरटी स्वतःच डीएचसीपी क्लायंट म्हणून बसलेलं असतं, कारण तिथून इंटरनेट येणार अशी त्याची समजूत. तुम्ही तिथे टीव्ही लावलात. टीव्हीही पत्ता मागतोय आणि राउटरही पत्ताच मागतोय. दोघेही मागणारे, देणारा कोणीच नाही. शिवाय त्या बाजूला फायरवॉल उभी आहे, बाहेरून येणारं काही आत घ्यायचं नाही असा तिला हुकूम आहे.

पण पोर्ट म्हणून त्यात वेगळं काही नाही. तुमच्या ४ए गिगाबिटमध्ये मीडियाटेकची एमटी७६२१ चिप आहे आणि तिच्या पोटातच गिगाबिट स्विच आहे. निळं आणि बाकी दोन, सगळी त्याचीच पोर्टं. कोणतं घरातलं आणि कोणतं बाहेरचं हे सॉफ्टवेअर ठरवतं. निळा रंग प्लास्टिकला आहे, आतल्या तारांना नाही.

कसं करायचं:

आधी लुसीच्या (ओपनडब्ल्यूआरटीची ब्राउझरमध्ये उघडणारी सेटिंगची पानं) पहिल्या पानावर आवृत्ती बघा. २१.०२ किंवा त्यापुढची हवी. त्या आवृत्तीपासून तुमच्या चिपवर डीएसए नावाची पद्धत आली आणि प्रत्येक भोक सिस्टीमला स्वतंत्र नावाने दिसू लागलं: लॅन१, लॅन२, वॅन. मेनूत 'स्विच' नावाचं पान दिसलं तर तुमचं फर्मवेअर जुनं आहे, मग रीत वेगळी. तसं असेल तर इथे सांगा.

'सिस्टीम' मध्ये 'बॅकअप / फ्लॅश फर्मवेअर' वर जाऊन 'जनरेट आर्काइव्ह' दाबा. फाइल कॉम्प्युटरवर ठेवा. हे आधी.

मग 'नेटवर्क', 'इंटरफेसेस'. तिथे वॅन आणि वॅन६ असे दोन डबे दिसतील. दोन्ही डिलीट. घाबरू नका, इंटरनेट आत्ता तिथून येतच नाहीये.

त्याच पानावर वर 'डिव्हाइसेस' नावाचा टॅब आहे. त्यात बीआर-लॅन (लॅनची भोकं एकत्र जोडणारा ब्रिज) शोधा, 'कॉन्फिगर' दाबा. 'ब्रिज पोर्ट्स' च्या यादीत लॅन१, लॅन२ वर टिक असेल, वॅनवरही करा. सेव्ह. मग खाली 'सेव्ह अँड अप्लाय'.

हे सगळं वायरने जोडलेल्या कॉम्प्युटरवरून करा. अप्लाय केल्यावर पान राउटरशी संपर्क झाला का बघतं आणि नव्वद सेकंदांत झाला नाही तर आधीची सेटिंग आपोआप परत येते. मध्येच वीज काढू नका, वाट बघा. (राउटरचा पत्ता बदलताना हीच सोय आडवी येते. पत्ता बदलला की पान जुन्या पत्त्यावर शोधत बसतं, सापडत नाही आणि सगळं मागे फिरवतं. तेव्हा बाजूच्या बाणाखालचा 'अप्लाय अनचेक्ड' वापरायचा. तुमचा पत्ता आधीच बदललेला आहे, त्यामुळे हे दुसऱ्या वाचकांसाठी.)

आणि सगळ्यात महत्त्वाचं: हे झाल्यावर टीव्ही निळ्यात लावू नका. खालून आलेली केबल निळ्यात लावा, टीव्ही आणि कॉम्प्युटर लॅनमध्ये.

जुईचा_वेल

आवृत्ती २३.०५ आहे. स्विच नावाचं पान नाही.

पण शेवटचं कळलं नाही. तिन्ही भोकं सारखीच झाली ना? मग कुठली केबल कुठे लावली याने काय फरक पडतो?

तारकाम

चालू असताना काहीच फरक नाही. फरक पडतो राउटर रिसेट झाल्यावर.

समजा कोणी सुई घालून मागचं बटण दाबून धरलं किंवा पुढे कधी भाच्याने नवं फर्मवेअर सेटिंग न ठेवता टाकलं. ओपनडब्ल्यूआरटी मूळ अवस्थेत येतं: पत्ता १९२.१६८.१.१, डीएचसीपी चालू, निळं भोक पुन्हा वॅन. तुमच्या खालच्या डब्याचा पत्ताही १९२.१६८.१.१ आहे. आता खालची केबल लॅनमध्ये असेल तर घरात एकाच पत्त्याचे दोन राउटर झाले आणि पत्ते वाटणारेही दोन. खालच्या मजल्यावरचा फोन कधी याच्याकडून पत्ता घेणार, कधी त्याच्याकडून. कोणाचं नेट चालेल, कोणाचं नाही, आणि तुम्ही दोष देणार फायबरवाल्याला.

तीच केबल निळ्यात असेल तर रिसेटनंतर निळं भोक वॅन होऊन फायरवॉलमागे जातं. वरचं नेट बंद पडेल, वरचं वायफायही जाईल (मूळ अवस्थेत ओपनडब्ल्यूआरटीचं वायफाय बंदच असतं), पण खालच्या मजल्याला काही कळणारही नाही. बिघाड जिथे झाला तिथेच राहतो.

मला विचाराल तर एक भोक वाढणं हा या खटाटोपाचा अर्धाच फायदा. लॅनमधून लॅनमध्ये केबल लावायचा जो सल्ला सगळीकडे फिरतो, त्यात हा धोका कायमचा राहतो आणि कोणी सांगत नाही.

खांबावरचा

तारकाम साहेबांना शंभर टक्के अनुमोदन. मी केबलवाल्याकडे लाइनवर काम करतो. बिल्डिंगमधल्या एका घरात नवा राउटर येतो, पोरगं आमची केबल निळ्याऐवजी पिवळ्या भोकात घुसवतं. त्या घरात नेट चालत नाहीच, पण तो राउटर आमच्या स्विचवर पत्ते वाटायला लागतो. मग अख्ख्या विंगचे फोन सुरू, नेट गेलं म्हणून. एकाच्या घरी जाऊन बघायचं, त्याला १९२.१६८.०.१०० असला पत्ता मिळाला असेल तर समजायचं कोणाकडे तरी उलटी केबल लागलीय. आता स्विचवरच डीएचसीपी स्नूपिंग (भलत्या राउटरने वाटलेले पत्ते अडवणारी सोय) लावलंय तिथे त्रास होत नाही. जुन्या साध्या स्विचवर मात्र एकेक वायर काढत शोधावं लागतं.

आमच्याकडे मायक्रोटिक कंपनीचे राउटर असतात, त्यात हा प्रश्नच नाही. सगळी पोर्टं सारखी, ईथर१ ला फक्त सुरुवातीच्या सेटिंगने वॅन म्हटलेलं असतं. ईथर१ वरचा डीएचसीपी क्लायंट काढा, 'इंटरफेस लिस्ट' मधल्या वॅनमधून त्याला वगळा आणि 'ब्रिज' च्या 'पोर्ट्स' मध्ये घाला. विनबॉक्समध्ये (त्यांच्या सेटिंगच्या ॲपमध्ये) 'सेफ मोड' दाबूनच करा, हात चुकून बाहेर फेकले गेलात तर केलेलं सगळं आपोआप मागे जातं.

अर्धवटराव

माझ्याकडे माळ्यावर टीपी-लिंकचा ८४१एन पडलाय, धूळ खात. त्यालाही हेच जमेल काय? त्याच्यात भोकं पाच आहेत. माझा हिशोब असा की फुकटात पाच पोर्टचा स्विच.

तारकाम

अर्धवटराव, जमेल, पण ओपनडब्ल्यूआरटीच्या नादी लागू नका. ८४१एनच्या बऱ्याच आवृत्त्यांत फ्लॅश ४ एमबी आणि रॅम ३२ एमबी. ओपनडब्ल्यूआरटीला २१.०२ पासून किमान ८ एमबी फ्लॅश आणि ६४ एमबी रॅम लागते. जुनी आवृत्ती टाकता येते, पण तिला आता सुरक्षेच्या दुरुस्त्या येत नाहीत.

मूळ फर्मवेअरवरच डीएचसीपी बंद करा, पत्ता बदला, चार पिवळी भोकं वापरा. एकातून येणारी केबल, तीन मोकळी. निळं सोडून द्या. पत्ता एकमेकांवर येणार नाही एवढं बघा. आणि ती पोर्टं १०० एमबीपीएसची आहेत हे लक्षात असू द्या, फायबर ३०० चं असेल तर त्याच्यामागे १०० च्या वर मिळणार नाही.

वेताळटेकडी

सगळी पोर्टं मुळात एकच असतात याचा एक गमतीदार पुरावा. काही राउटरांत वीज आल्यावर पहिले काही सेकंद वॅन आणि लॅन वेगळे झालेलेच नसतात. बूटलोडर स्विचला साध्या स्विचसारखा सोडून देतो, सिस्टीम वर आली की मग भिंत घालते. तेवढ्यात लॅनवरच्या कॉम्प्युटरने पत्ता मागितला तर त्याला पलीकडच्या राउटरचा पत्ता मिळतो आणि तो तोच धरून बसतो. माझ्याकडे एक जुना राउटर असं करायचा, दर वेळी लाइट जाऊन आले की एका डेस्कटॉपची केबल काढून घालावी लागायची.

एक प्रश्न. तारकाम, वॅन ब्रिजमध्ये घातल्यावर त्यातून जाणारी रहदारी सीपीयूतून जाते का? मला एनएएस (नेटवर्कवर फाइली साठवायचा डबा) लावायचाय, ११० एमबी प्रति सेकंद मिळाले पाहिजेत.

तारकाम

मॉडेलवर आहे. डीएसएमध्ये ब्रिजचं काम स्विच चिपवर ढकलता येतं, एमटी७६२१ ला ते जमतं. दोन्ही पोर्टं त्याच स्विचवर असतील तर पाकीट सीपीयूपर्यंत येतच नाही, चिप परस्पर पोचवते. पण काही मॉडेलांत वॅनचा फिजिकल पोर्ट स्विचला वळसा घालून सीपीयूच्या दुसऱ्या इथरनेटला थेट जोडलेला असतो, म्हणजे वॅन आणि लॅनला वेगवेगळा रस्ता मिळावा म्हणून. तिथे वॅनमधून लॅनमध्ये जाणारं सगळं सीपीयूच्या डोक्यावरून जातं.

ओळखायची खूण: एसएसएचने (कॉम्प्युटरवरून आज्ञा टाइप करून राउटर चालवायची सोय) आत जाऊन 'आयपी लिंक' ही आज्ञा द्या. स्विचवरची पोर्टं 'लॅन१@ईथ०' अशी शेपटीसकट दिसतात. वॅनलाही '@' ची शेपटी असेल तर तो स्विचवर आहे. नुसतंच 'वॅन' दिसलं तर थेट सीपीयूला. तसं असेल तर एनएएस आणि कॉम्प्युटर दोन्ही लॅन पोर्टांवर ठेवा आणि वॅनमध्ये मुख्य राउटरकडून येणारी केबल. फाइल कॉपी तेव्हा स्विचमध्येच राहते. म्हणजे पुन्हा तोच सल्ला, कारण निराळं.

जुन्या स्विचवाल्या पद्धतीत (ज्यांना मेनूत 'स्विच' दिसतो): व्हीलॅन (एकाच स्विचचे पाडलेले वेगळे गट) २ च्या ओळीत वॅनला 'ऑफ' करा, व्हीलॅन १ च्या ओळीत 'अनटॅग्ड'. वॅनचा खांब त्या तक्त्यात दिसतच नसेल तर तो वेगळ्या इथरनेटवर आहे, तो ब्रिजमध्ये घालावा लागेल.

श्टुटगार्टचा_कोल्हापुरी

इकडे जर्मनीत घरोघरी फ्रिट्झबॉक्स. माझ्याकडे ७५३० आहे, त्याला वेगळं निळं भोक नाहीच. टेलिफोनच्या तारेवरून इंटरनेट येतं, चारही पोर्टं लॅन. पुढे फायबरचा मोडेम आला तर मेनूत सांगायचं की इंटरनेट 'लॅन १' वरून येतं, की तेच वॅन. तुमचं उलटं. तांबडा-पांढरा, काम तेच.

फुकटचा_सल्ला

सगळं बरोबर असेल हो. पण उद्या ताईंना चौथी वस्तू लावायची झाली की स्विच घ्यावाच लागणार. मग आजच का नाही?

तारकाम

चौथी वस्तू आली की घ्याच, त्यात वाद नाही. कॅमेऱ्याचा डीव्हीआर किंवा दुसरा कॉम्प्युटर येणार असेल तर मी स्वतः सांगेन स्विच घ्या. पण आज एक भोक कमी पडतंय आणि एक भोक रिकामं आहे.

कर्जत_स्लो

एक भर. बऱ्याच जणांना वाटतं मुख्य राउटरवरही असं करता येईल. नाही. ज्यातून इंटरनेट येतं ते भोक लॅन केलंत तर इंटरनेट कुठून येणार? अपवाद एकच, इंटरनेट दुसरीकडून येत असेल तेव्हा. माझ्या गावच्या घरी फायबर नाही. राउटरच्या यूएसबीला जुना फोन लावलाय, यूएसबी टेदरिंग चालू करून. इंटरनेट फोनवरून, निळं भोक बेकार. तिथे ते लॅनमध्ये घातलंय आणि त्यात हवं ते लावता येतं, तारकामांनी सांगितलेली रिसेटची भानगडही नाही. फक्त वॅन इंटरफेस डिलीट न करता त्याचं डिव्हाइस बदलून यूएसबी०, काही फोनवर ईथ१, करावं लागलं. फायरवॉलचा झोन तसाच राहतो, ते बरं.

वेताळटेकडी

लूपचंही (केबलींचा पूर्ण होणारा गोल) सांगा की कोणीतरी. ब्रिजमध्ये घातल्यावर खालच्या डब्यातून दोन केबल याच राउटरला लागल्या तर संपलं.

आमच्या ऑफिसमध्ये झालंय हे. सफाईच्या वेळी टेबलामागे एक सुटं टोक लोंबत होतं, कोणीतरी भल्या मनाने ते समोरच्या रिकाम्या भोकात खोचलं. दुसरं टोक त्याच स्विचमध्ये होतं. सगळे दिवे एकाच तालात, इतक्या जोरात लुकलुकत होते की स्थिर पेटलेत असं वाटावं, आणि प्रिंटरपासून फोनपर्यंत काहीच चालेना. केबल उपटली तशी दोन सेकंदांत सगळं शांत.

तारकाम

महत्त्वाचं आहे. वॅन जोवर वॅन असतो तोवर एक केबल वॅनमध्ये आणि एक लॅनमध्ये लावली तरी गोल पूर्ण होत नाही, कारण मध्ये राउटिंग आहे. एकदा ब्रिज केलं की होतो. ब्रॉडकास्टचं पाकीट एकदा गोलात शिरलं की फिरतच राहतं, इथरनेटच्या पाकिटाला आयुष्याची मर्यादा नसते. बीआर-लॅनच्या सेटिंगमध्ये एसटीपी (असा गोल ओळखून तोडणारी सोय) चालू करता येतं, ते मूळ अवस्थेत बंद असतं. ज्यांच्या घरात वायरी लोंबतात त्यांनी करा. पोर्ट जोडल्यावर चालू व्हायला थोडा वेळ लागतो एवढंच.

ताईंकडे वर एकच केबल येते. तरी निळ्या भोकावर डॉक्टरी चिकटपट्टी लावून पेनाने 'खालची' असं लिहा.

जुईचा_वेल

केलं. झालं! निळ्यात खालची केबल, टीव्ही आणि कॉम्प्युटर लॅनमध्ये, दोन्ही चालू. व्हिडिओ आता गोल फिरत नाही. पट्टीपण लावली. :)

पण दुसरंच एक लक्षात आलं. मुलांसाठी भाच्याने एक वेगळं पाहुण्यांचं वायफाय केलं होतं. त्यांनी माझ्या प्रिंटरवर किंवा टीव्हीवर खेळ करू नयेत म्हणून. ते आता जोडलं जातं, पत्ताही मिळतो, १९२.१६८.३.काहीतरी, पण इंटरनेट नाही. बहुधा मी केबल लॅनमध्ये लावली तेव्हापासूनच बंद असणार, मुलं स्वतःचा डेटा वापरत असल्याने कोणी बोललं नाही.

तारकाम

बरोबर. भाच्याने फायरवॉलमध्ये 'पाहुणे वॅनकडे जाऊ देत' असं लिहिलं असणार. वॅन आता रिकामा आहे. इंटरनेट लॅनमधून येतं आणि पाहुण्यांना लॅनकडे जायची परवानगी नाही.

'नेटवर्क', 'फायरवॉल'. पाहुण्यांच्या झोनला 'एडिट' करा आणि 'अलाउ फॉरवर्ड टू डेस्टिनेशन झोन्स' मध्ये लॅन निवडा. मग लॅनच्या झोनला 'मास्करेडिंग' वर टिक. ती टिक का? पाहुण्याचा पत्ता १९२.१६८.३ चा, तो खालच्या डब्याला ओळखीचा नाही. उत्तर परत कुठे पाठवायचं हे डब्याला माहीत नाही. मास्करेडिंगने वरचा राउटर पाहुण्याच्या वतीने स्वतःच्या १९२.१६८.१.२ या पत्त्याने बोलतो, उत्तर त्याच्याकडे येतं. टीव्ही आणि कॉम्प्युटरवर परिणाम नाही, त्यांची रहदारी ब्रिजमधून जाते, राउटिंगमधून नाही.

एवढ्यावर थांबलात तर मुलांना इंटरनेट मिळेल आणि तुमचा प्रिंटरही. म्हणून 'ट्रॅफिक रूल्स' मध्ये एक नियम घाला: प्रोटोकॉल 'एनी', सोर्स झोन पाहुणे, डेस्टिनेशन झोन लॅन, डेस्टिनेशन पत्ता १९२.१६८.१.०/२४, ॲक्शन 'रिजेक्ट'. इंटरनेटवर जाणाऱ्या पाकिटावर पलीकडच्या साइटचा पत्ता असतो, डब्याचा नसतो, त्यामुळे ते अडत नाही. घरातल्या वस्तूंकडे जाणारं अडतं.

आणि एक. अशा दुय्यम राउटरवर डीएनएसमास्क आणि फायरवॉल या सेवाच बंद करून टाका असं बऱ्याच ठिकाणी लिहिलेलं असतं. तुम्ही करू नका. पाहुण्यांना पत्ते डीएनएसमास्कच देतं आणि वरचा नियम फायरवॉलच पाळते. लॅन इंटरफेसवर डीएचसीपी बंद आहे तेवढं पुरे. त्याच खिडकीत 'आयपीव्ही६ सेटिंग्ज' मध्ये आरए आणि डीएचसीपीव्ही६ (नव्या पद्धतीचे पत्ते देणाऱ्या सोयी) 'डिसेबल्ड' आहेत ना तेही बघून घ्या, आयपीव्ही४ चं बंद केलं की लोक हे विसरतात.

अर्धवटराव

दहावीची पोरं प्रिंटरवर काय छापतील याचा विचार करतोय.

जुईचा_वेल

अर्धवटराव, एकदा छापलंय. विचारू नका.

तारकाम, नियम घातला. एका मुलीच्या फोनवरून तपासलं: नेट चालतं, प्रिंटर दिसत नाही, खालच्या डब्याचं पानही उघडत नाही. माझ्या फोनवरून, घरच्या वायफायवर, सगळं दिसतं. लॅनचं आयपीव्ही६ वालं 'सर्व्हर मोड' होतं, ते डिसेबल केलं.

एकच शंका उरली. टीव्हीवर वेग मोजला तर वायरवर ९० च्या आसपास दाखवतो आणि वायफायवर दीडशे. प्लॅन २०० चा आहे. केबल खराब आहे का? का हे निळ्या भोकामुळे?

खांबावरचा

भोकामुळे नाही. बहुतेक टीव्हींचं स्वतःचं पोर्टच १०० एमबीपीएसचं असतं, महागड्या टीव्हीतसुद्धा. कॉम्प्युटरवर मोजा. तिथेही ९० च आले तर जिन्यातली केबल बघा, आठ तारांतली एक जरी क्लिपमध्ये नीट बसली नसेल तर गिगाबिट जोडणी १०० वर उतरते. क्लिप कापून नवी मारली की बहुतेक वेळा काम होतं.

जुईचा_वेल

कॉम्प्युटरवर १९५. म्हणजे टीव्हीच तसा आहे.

तारकाम

मग टीव्ही वायरवरच ठेवा. फोर-के व्हिडिओला २५ एमबीपीएस पुरतात, आणि वायरवर तो ९० दर वेळी तेवढाच राहतो, शेजाऱ्यांच्या वायफायने हलत नाही.

आता पुन्हा एकदा बॅकअपची फाइल काढा, पहिली जुन्या सेटिंगची आहे. भाच्यालाही एक पाठवून ठेवा. तो पुढे नवी आवृत्ती टाकेल तेव्हा 'कीप सेटिंग्ज' वर टिक ठेवायला सांगा आणि इमेज घेताना मॉडेल नीट बघायला सांगा: ४ए गिगाबिटचा व्ही२ पण आहे, त्याची इमेज वेगळी, आणि साधा १०० एमबीपीएसवाला ४ए तर पूर्ण निराळ्या चिपचा.